विकताना किती येतील?

धुळ्यात कुणी गाडी घ्यायला निघालं की नातेवाईक, शेजारी आणि चहाच्या टपरीवरचे अनोळखी लोकसुद्धा एकच प्रश्न विचारतात: विकताना किती येतील? गाडी अजून दारात आलेली नसते, पेढे वाटलेले नसतात आणि चर्चा ती जाण्याची सुरू होते. पुण्या-मुंबईच्या मित्रांना याचं हसू येतं. मला येत नाही. पगारदार माणसाची पुंजी पीएफमध्ये असते. लूमवाला, फळविक्रेता, टेलर, छोटा दुकानदार यांची पुंजी थोड्या सोन्यात, गावाबाहेरच्या एखाद्या प्लॉटमध्ये आणि दारातल्या गाडीत असते. आजारपण आलं, मुलीचं लग्न ठरलं, मुलाची फी भरायची वेळ आली, की यातलं सगळ्यात आधी काय विकलं जातं? गाडी. दागिना मोडताना घरात रडारड होते, गाडीसाठी कुणी रडत नाही.

म्हणून हा प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो अर्धाच विचारला जातो. जी गाडी विकताना जास्त पैसे देते, तीच गाडी सेकंडहँड घेताना जास्त पैसे मागते. माझी रिसेल म्हणजे पुढच्या माणसाची खरेदी. आपल्यातले बहुतेक लोक आयुष्यात एकदा तरी त्या ‘पुढच्या माणसाच्या’ जागी उभे असतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याला गाडी घ्यायची होती, तेव्हा हा सगळा हिशेब कागदावर मांडायची वेळ आली. त्याचं रेडिमेड कपड्यांचं छोटं दुकान आहे. दर पंधरा दिवसांनी तो माल आणायला सुरतेला जातो. रात्रीची बस, पहाटे मार्केट, गठ्ठे घेऊन पुन्हा बस. घरात त्याची आई, म्हणजे माझी थोरली आपा, बायको आणि दोन मुलं. त्याने बीसी उचलली होती, म्हणजे आपली भिशी, तिचे दोन लाख. दोन लाख साठवलेले. एकूण चार लाख, आणि कर्ज घ्यायचं नाही हे पक्कं.

कर्ज का नाही, हे इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इस्लाममध्ये व्याज घेणं आणि देणं दोन्ही मना आहे. त्याला रिबा म्हणतात. प्रत्यक्षात आपल्यातही बरेच लोक बँकेच्या कर्जावर गाडी घेतात, कुणी नाइलाज म्हणून, कुणी वेगळं मत धरून, आणि मी कुणाचा काजी नाही. भाच्याने मात्र ठरवलं होतं. निव्वळ हिशेबाने पाहिलं तरी पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १० हजार ३८० रुपयांच्या आसपास बसतो आणि एकूण सव्वा लाखाच्या जवळपास व्याज जातं. रोखीने घेणाऱ्याचे हे पैसे वाचतात. पण रोखीने घेणाऱ्याला दुसरी संधी नसते. सगळी पुंजी एकाच वस्तूत अडकते. निवड फसली तर पुढची बीसी लागेपर्यंत तीच गाडी ढकलायची. म्हणून अशा घरात गाडीची निवड हा हौसेचा विषय राहत नाही.

पहिला वाद नवी की जुनी, हा झाला. कारण तेव्हा नव्या गाड्या नुकत्याच स्वस्त झाल्या होत्या. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. वॅगन-आर सुमारे पाच लाखांपासून, टियागो चार लाख ५७ हजारांपासून, क्विड चार लाख ३० हजारांपासून, अल्टो के-१० तीन लाख ७० हजारांपासून मिळू लागली. पण हे शोरूमचे भाव, आणि तेही सगळ्यात साध्या मॉडेलचे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी वाहन कर आहे. म्हणजे चार लाख ५७ हजारांच्या गाडीवर पन्नास हजार रुपये. वर इन्शुरन्स आणि किरकोळ खर्च. गाडी रस्त्यावर येईपर्यंत सव्वापाच लाखांच्या पुढे जाते. हा कर आणि हा पहिला विमा विकताना कुणी वेगळा मोजून देत नाही.

जीएसटीच्या या कपातीने आणखी एक धडा दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये ज्याने वॅगन-आर घेतली, त्याच्या डोळ्यांदेखत महिन्याभरात तीच नवी गाडी मॉडेलप्रमाणे ७९ हजार ६०० रुपयांपर्यंत स्वस्त झाली. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरतोच. त्या माणसाने गाडी नीट चालवली, वेळेवर सर्व्हिसिंग केलं, तरी दिल्लीतल्या एका बैठकीने त्याची रिसेल खाली आणली. सोन्याचा भाव जसा आपल्या हातात नसतो, तसाच हाही नाही. गाडीला ‘गुंतवणूक’ म्हणणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

गाडी किती झिजते याचा एक सरकारमान्य अंदाज विमा पॉलिसीत असतो, त्याला आयडीव्ही म्हणतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५० टक्के. म्हणजे विमा कंपनीच्या लेखी पाच वर्षांची गाडी अर्ध्या किमतीची. बाजार मात्र हा तक्ता पाळत नाही. मागणी असलेली गाडी तक्त्याच्या वर विकली जाते आणि नको असलेली खूप खाली.

ही मागणी कशाने ठरते? आपल्याकडे तिचं पहिलं कारण मिस्त्री आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा, असे तीन मोठे रस्ते धुळ्यात भेटतात. कोणत्याही रस्त्याला शहराबाहेर निघा, गॅरेज लागतंच. मारुतीची गाडी त्यातला कोणताही पोरगा डोळे मिटून खोलतो. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, तेव्हापासून एका पिढीने दुसऱ्या पिढीला हे शिकवलंय. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, कुठेही क्लच प्लेट मिळते. घेणाऱ्याला भीती नसते, म्हणून तो दोन पैसे जास्त देतो. रिसेल म्हणजे भीती नसण्याची किंमत, असं आमचे मिस्त्री चाचा म्हणतात.

याच्या उलट बाजूलाही उदाहरणं कमी नाहीत. शेव्हरोलेची स्पार्क आणि बीट इथे पुष्कळ फिरायच्या. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, फिगोवाले बघत राहिले. २०२२ मध्ये डॅटसन गेली. गाडी तीच, इंजिन तेच, पण ‘उद्या पार्ट मिळेल का’ हा प्रश्न उभा राहिला की भाव कोसळतो. टाटांच्या नॅनोचं दुखणं वेगळं होतं. २००९ मध्ये ती ‘लाखाची गाडी’ म्हणून बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. लोकांना स्वस्त गाडी हवी होती, पण शेजाऱ्याला तिची किंमत तोंडपाठ असलेली गाडी नको होती.

आता दुसरी बाजू. ज्याला गाडी विकायचीच नाही, शेवटपर्यंत चालवायची आहे, त्याच्यासाठी पडलेल्या भावाची गाडी सोन्यासारखी ठरू शकते, फक्त तिचे पार्ट मिळत असले पाहिजेत. आमच्या मोहल्ल्यात एक टेलर आहेत. पडत्या भावात घेतलेली फिगो ते वर्षानुवर्षं चालवतायत. त्यांना कुणी विचारलं, विकताना किती येतील, तर ते म्हणतात, “विकतोय कोण?”

भाच्याचं तसं नव्हतं. पाच वर्षांनी मुलं मोठी होतील, गाडी बदलावी लागेल, म्हणून त्याने रिसेल धरूनच हिशेब मांडायला सांगितला. फिरून फिरून दोन गाड्या उरल्या. २०१९ ची वॅगन-आर, एक लिटर इंजिनाची, चार लाख ३० हजार. २०२० ची टियागो, पावणेचार लाख. दोन्ही पेट्रोल, दोन्ही धुळे पासिंग. सीएनजीचा विचार आधीच सोडला होता, कारण टाकी डिकीत बसते आणि त्याला तिथे गठ्ठे ठेवायचे होते.

खाली जे आकडे आहेत त्यातला पुढचा भाव आमचा अंदाज आहे आणि अ‍ॅव्हरेज त्या त्या गाड्या चालवणाऱ्यांना विचारून धरलेलं आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत तीच ठेवा.

समजा पाच वर्षांनी वॅगन-आर अडीच लाखांना गेली, तर घट एक लाख ८० हजार. टियागो एक लाख ८० हजारांना गेली, तर घट एक लाख ९५ हजार. म्हणजे रिसेलचा फरक पडला पंधरा हजारांचा. आता पेट्रोल. सुरतेचं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, वर्षाला सव्वीस फेऱ्या, घरचं फिरणं धरून पंधरा हजार किलोमीटर. वॅगन-आर वीसचं अ‍ॅव्हरेज देते, टियागो सतराचं. एकीला ७५० लिटर, दुसरीला ८८२. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला तेरा हजार नऊशेचा फरक, पाच वर्षांत एकोणसत्तर हजारांवर. मग विमा. थर्ड पार्टीचा दर इंजिनावर ठरतो. २०२२ च्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंत वर्षाला २ हजार ९४ रुपये आणि त्यापुढे १५०० पर्यंत ३ हजार ४१६. वॅगन-आरचं इंजिन ९९८ सीसीचं, टियागोचं ११९९. पाच वर्षांत साडेसहा हजार.

बेरीज केली तर वॅगन-आर पाच वर्षांत एक्क्याण्णव हजारांच्या आसपास स्वस्त पडते. महिन्याला दीड हजार. आणि यात गंमत अशी की ज्या रिसेलवर सगळं धुळं भांडतं तिचा वाटा पंधरा हजार, आणि ज्या पेट्रोलकडे आपण ‘बघू नंतर’ म्हणतो त्याचा एकोणसत्तर. महिन्याला पाचशे किलोमीटरही न फिरणाऱ्याच्या घरी हे चित्र बदलेल. पण जो जास्त फिरतो त्याने आधी पेट्रोल मोजावं, मग रिसेल.

शिवाय वॅगन-आरची डिकी मोठी, ३४१ लिटरची, टियागोची २४२. सीट उंच. आपाचे गुडघे दुखतात. ती वॅगन-आरमध्ये खुर्चीत बसावं तशी बसली. टियागोत बसताना दाराला धरावं लागलं, उतरताना भाच्याचा हात. आपाने तिथेच निकाल दिला, “हीच घ्या, उंचवाली. विकतानाही पैसे येतात.”

मी गप्प होतो. माझ्या डोक्यात एक आकडा होता, जो या हिशेबात कुठेच बसत नव्हता. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था गाड्या ६४ किलोमीटर वेगाने आदळवून बघते आणि आत बसलेल्यांचं काय होईल ते ताऱ्यांमध्ये सांगते. टियागोला २०२० मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, लहान मुलांच्या सुरक्षेसाठी तीन. वॅगन-आरला आधी दोन मिळाले होते, २०२३ मध्ये नव्या, कडक नियमांनी एकच, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. आता नव्या वॅगन-आरमध्ये सहा एअरबॅग येतात, पण आम्ही २०१९ ची बघत होतो. तारे म्हणजे तावीज नव्हे. चार ताऱ्यांच्या गाडीतही माणसं जातात. तरीही साक्रीच्या पुढे दहिवेल सोडलं की कोंडाईबारीचा घाट लागतो, उतारावर ट्रकांची रांग असते, आणि हा मुलगा रात्रभर जागून पहाटेचा बाजार करून त्याच रस्त्याने परत येतो.

सेकंडहँडच्या बाजारात मी फिरलो तेवढ्यात एकाही एजंटने ताऱ्यांचं नाव काढलं नाही. टायर किती टक्के, सीट कव्हर कसलं, टेप कोणता, सगळ्याला भाव आहे. धडकेत छाती वाचेल का, याला भाव नाही. म्हणून बाजाराचा भाव म्हणजे गाडीची किंमत, असं धरून चालत नाही. बाजार जे मोजत नाही ते घरात बसून आपल्याला मोजावं लागतं.

मी आपाला एवढंच सांगितलं की, उंच गाडी महिन्याला दीड हजार वाचवते आणि बुटक्या गाडीला धडकेच्या परीक्षेत जास्त मार्क आहेत. आपाने विचारलं, “किती जास्त?” मी सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मी महिन्यातून दोनदा बसणार. हा दर पंधरवड्याला सुरतेला जाणार. माझ्या गुडघ्यांचं काय घेऊन बसलात?”

गाडीचा प्रकार ठरला. आता नेमकी कोणती घ्यायची हा प्रश्न होता, आणि खरी दमछाक तिथे झाली.

एजंटांकडे विकायला ठेवलेली प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. धुळ्यात जेवढे डॉक्टर नाहीत तेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या आम्ही पाहिल्या. प्रत्येक गाडी सिंगल ओनर, प्रत्येक गाडी घरात उभी. “गाडी नंबरी से भाऊ,” असं एकाने छातीवर हात ठेवून सांगितलं. मीटरवर एकोणतीस हजार किलोमीटर होते आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. मिस्त्री चाचांनी बोनेटच्या बोल्टवरचा रंग पाहिला, दाराच्या कडेचं रबर ओढून आतलं वेल्डिंग पाहिलं. सीट बेल्टच्या मुळाशी तारखेची पट्टी असते, ती गाडीच्या सालाशी जुळते का पाहिलं. ती न जुळणं म्हणजे बेल्ट कधीतरी बदललाय, आणि बेल्ट सहज कुणी बदलत नाही.

काही गाड्या गुजरात पासिंगच्या होत्या. सुरत जवळ असल्याने त्या इकडे भरपूर येतात आणि तीस-चाळीस हजारांनी स्वस्त सांगितल्या जातात. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हे सगळं धरलं की स्वस्ताई संपते. वर सुरत तापीच्या काठावरचं शहर आहे, तिथे पूर येतात. २००६ चा पूर अजून लोक विसरलेले नाहीत. तिथल्या गाडीचं कार्पेट उचलून खाली गाळ आणि सीटच्या पट्ट्यांना गंज आहे का, हे पाहिल्याशिवाय बोलणी करू नयेत.

या फिरण्यात मला मदिन्याच्या बाजारातली ती गोष्ट वारंवार आठवली, जी आपण मदरशात लहानपणी ऐकतो. हजरत पैगंबर (स.) धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. त्यावर त्यांनी विचारलं की, मग भिजलेलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. आणि फसवणाऱ्याला आपल्यात जागा नाही, असं बजावलं. पाऊस पडणं हा गुन्हा नव्हता, ओल झाकणं हा होता. गाडी ठोकली जाणं हा गुन्हा नाही. ठोकलेल्या दाराला रंग मारून ‘नॉन-अ‍ॅक्सिडेंट’ म्हणणं हा आहे. फिक्ह म्हणजे आपलं धर्मशास्त्र तर असंही सांगतं की विक्रेत्याने ऐब, म्हणजे दोष, लपवला असेल तर घेणाऱ्याला सौदा परत करण्याचा हक्क आहे. आपल्या देशाचा १९३० चा माल विक्री कायदा मुळात खरेदीदारानेच डोळे उघडे ठेवावेत या बाजूचा आहे, त्याला काही अपवाद आहेत. कायद्याचं ते काम असेल. पण जुम्म्याला पहिल्या सफेत बसणारा माणूस मीटर मागे फिरवून घेतो, तेव्हा त्याला कायद्याचा आडोसा पुरत नाही.

शेवटी गाडी मिळाली ती देवपुरात, एजंटाशिवाय. एक सेवानिवृत्त गुरुजी. मुलगा परदेशी, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, आता गाडी चालवत नाहीत. टियागो, २०२०, मीटरवर बेचाळीस हजार. गुरुजींनी पाणी दिलं आणि गाडीच्या किल्लीआधी एक वही पुढे केली. शाळेची दोनशे पानी वही. पहिल्या दिवसापासून कधी पेट्रोल भरलं, किती किलोमीटर झाले, कधी ऑइल बदललं, बॅटरी कधी, टायर कधी, सगळं सुवाच्य अक्षरात. एका पानावर लाल शाईने लिहिलं होतं की, मागचं डावं दार खांबाला घासलं, बदललं नाही, ठोकून रंगवलं. गुरुजींनी ते पान स्वतः उघडून दाखवलं. “बाळा, हे आधी बघ,” ते भाच्याला म्हणाले, “मग किंमत बोलू.”

मिस्त्री चाचांनी दार पाहिलं. वहीत होतं तेवढंच होतं, ना कमी, ना जास्त. याच सालाची टियागो एका एजंटकडे पंधरा हजारांनी स्वस्त होती, चकाचक पॉलिश मारलेली. भाच्याने गुरुजींच्या पावणेचार लाखांत घासाघीस केली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, पंधरा हजार कशाचे दिलेस? तो म्हणाला, “मामू, वहीचे.”

मिस्त्री चाचांचं म्हणणं मला तेव्हा पुरतं समजलं. रिसेल म्हणजे भीती नसण्याची किंमत. कंपनीचं नाव थोडी भीती घालवतं, गल्लीतला मिस्त्री थोडी घालवतो. उरलेली घालवणं विकणाऱ्याच्या हातात असतं, आणि त्यासाठी लागते फक्त एक वही आणि एक लाल पेन.

कागदांबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. पैसे देण्याआधी एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघा. गाडीवर बँकेचा बोजा आहे का, चलन थकलंय का, मालक कितवा, हे कळतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सह्या करून आरटीओत द्या. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे ना, ते पाहा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो मालकाचा असतो. तेव्हा विकणाऱ्यांनो, तो तुमच्या पुढच्या गाडीसाठी मागून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं विकणाऱ्यासाठी: ‘नावावर करून घेईन सावकाश’ असं कुणी म्हटलं तर गाडी देऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक. गाडी चार हातांतून गेली आणि पाचव्याने अपघात केला, तरी नोंदीतल्या माणसावर भरपाई येते.

गुरुजी स्वतः आमच्यासोबत आरटीओत आले, सह्या केल्या आणि वही भाच्याच्या हातात दिली. पाचेक महिने झाले, सुरतेच्या दहा-बारा फेऱ्या झाल्यात. अ‍ॅव्हरेज साडेसतराचं पडतंय, आम्ही धरलं होतं त्यापेक्षा थोडं बरं. आपा बसताना अजून दाराला धरते. भाचा गुरुजींच्या शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढून पुढे लिहितो. सुरुवातीला तो उर्दूत लिहायला लागला होता, त्याचा हात त्यातच चालतो. आपा म्हणाली, मराठीत लिही, ज्याला गाडी जाईल त्याला वाचता आलं पाहिजे.